पुण्यातला कसबा ते विश्रामबाग हेरिटेज वॉक : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई. रिव्ह्यू काल रात्री वाचला. सासूबाईंचे गुडघे दुखले आणि विश्रामबागवाडा बघायचा राहून गेला त्याबद्दल खरंच सॉरी. सुट्टी काढून नाशिकहून सात जण आलात आणि मनासारखं झालं नाही, तर राग येणारच.

पण "शेवटी गाइडने नुसतं पळवलं" हे वाचून राहवलं नाही. वेळ 7 ची होती, कसबा गणपतीच्या दारात. बुकिंगच्या मेसेजमध्ये होती, आदल्या रात्री परत पाठवली, तुम्ही अंगठा पण पाठवला होता. 7:40 ला दादांचा फोन आला की गाडी कुठे लावू. आता कसब्यात चारचाकी लावायची म्हणजे काय ते पुण्यातल्या कोणालाही विचारा, म्हणूनच आम्ही मेसेजमध्ये "रिक्षाने या" असं ठळक लिहितो. तुम्ही सगळे पोचलात 7:55 ला, तोवर बाकीचे सहा जण, त्यात एक सत्तरीचे काका, पायरीवर बसून होते. त्यांनी एक शब्द काढला नाही.

आणि 7 ची वेळ काय आमच्या हौसेने ठेवलेली नाही हो. दहा वाजले की शिवाजी रोडवर बस, रिक्षा, टू-व्हीलर यांच्यातून पोरांना घेऊन रस्ता क्रॉस करायचा म्हणजे माझा जीव मुठीत असतो. सकाळी तोच रस्ता मोकळा असतो, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर निवांत उभं राहता येतं. तुमच्या छोट्याने विचारलं ना, दरवाज्यावरचे खिळे एवढे उंचावर का, आणि हत्तीने डोक्याने धडक मारू नये म्हणून, हे कळल्यावर तो स्वतःच हत्ती होऊन दोनदा पळत आला! ते काही रिव्ह्यूत आलं नाही. असो.

मग मिसळ. ठरली होती 20 मिनिटं, झाली 55, कारण एक्स्ट्रा पाव, मग चहा, मग फोटो. मी दोनदा घड्याळ दाखवलं, आता याहून जास्त पाहुण्यांना कसं सांगायचं?

"शनिवारवाड्यात नुसत्या भिंती", तर 1828 च्या आगीत आतलं सगळं जळालं, ते मी तिथेच सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा सेल्फी काढत होता. भिडे वाड्याची "रिकामी जागा" दाखवली म्हणता, पण 1848 ला फुल्यांनी मुलींची शाळा जिथे काढली ती जागा वाडा 2023 मध्ये पाडला म्हणून वगळायची का? मला नाही जमणार. तिकिटाचे पैसे पुरातत्त्व खात्याचे असतात, आमच्या 400 रुपये फीमध्ये धरलेले नाहीत, तेही मेसेजमध्ये आहे.

मी आणि बायको दोघंच हे चालवतो ताई, दिवाळी आणि मे महिन्याच्या बुकिंगवर घर चालतं. आज सकाळीच एका फॅमिलीने रिव्ह्यू वाचून कॅन्सल केलं. आजी-आजोबांसाठी छोटा रूट काढायचं डोक्यात आहेच, फोल्डिंगचं एखादं स्टूल पण बरोबर ठेवू. विश्रामबागवाडा पुढच्या वेळी माझ्याकडून, पैसे नकोत, पण 7 म्हणजे 7.

आणि हो, छोट्याची निळी टोपी मंडईपाशी पडली होती, बायकोने धुऊन ठेवलीये. पत्ता पाठवा, कुरिअर करतो.