'एक कप म्हणजे २५० ग्रॅम'? कशाचा कप, ते आधी सांगा

स्वयंपाकाच्या ग्रुपवर एक तक्ता फिरतोय. एक कप म्हणजे २५० ग्रॅम, मोठा चमचा १५ ग्रॅम, छोटा ५ ग्रॅम, आणि खाली ठळक अक्षरांत: "एमएल आणि ग्रॅम एकच. वजनकाट्यावर पैसे घालवू नका." सुटसुटीत आहे, म्हणूनच पुढे ढकलला जातो. पण त्यात पदार्थाचं नावच नाही, आणि ते कळल्याशिवाय कपाचे ग्रॅम करता येत नाहीत.

"एमएल आणि ग्रॅम एकच." पाण्यापुरतं खरं. दुधालाही चालून जातं, कपामागे सात-आठ ग्रॅम इकडेतिकडे. तेल मात्र पाण्यावर तरंगतं ते हलकं असतं म्हणूनच. २५० एमएल तेल साधारण २३० ग्रॅम भरतं. तेवढाच मध ३५०च्या आसपास जातो. काही डिजिटल काट्यांवर एमएलचं बटण असतं, त्याने गोंधळ वाढतो. काटा बिचारा वजनच करतो आणि भांड्यात पाणी आहे असं धरून आकडा दाखवतो.

"एक कप म्हणजे २५० ग्रॅम." खरी वाट इथे लागते. समजा केकच्या कृतीत मैदा, साखर, लोणी प्रत्येकी २५० ग्रॅम आहे. तक्त्यावर विसंबून २५० एमएलच्या कपाने तिन्ही एकेक कप घेतलं, तर लोणी २४०च्या आसपास येतं, साखर २१०, आणि चमच्याने अलगद भरलेला मैदा जेमतेम १३०. म्हणजे लोणी-साखर जवळपास हवी तेवढी आणि मैदा निम्मा! असा केक मधोमध बसतो, तेलकट लागतो, आणि खापर फुटतं ओव्हनवर. बरं, मैद्याचा हाही आकडा पक्का नाही. कप थेट डब्यात खुपसून भरला की तोच मैदा १५० ग्रॅमपर्यंत जातो, चाळून भरला की आणखी खाली येतो. पदार्थ तोच, कप तोच, फक्त भरणारा हात वेगळा.

शिवाय कप तरी कुठला? अमेरिकी कप सुमारे २३७ एमएलचा, मेट्रिक २५०चा, जपानी २००चा. तक्ता याबद्दल चकार शब्द काढत नाही.

चमच्यांचंही तेच. मोठा चमचा १५ एमएलचा (ऑस्ट्रेलियात २०चा), १५ ग्रॅमचा नव्हे. त्यात कोको पावडर पाच-सहा ग्रॅम मावते आणि मध २१. छोट्या चमच्यात बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम बसतं. जाड, पोकळ दाण्याचं त्याहून बरंच कमी, आणि हा फरक थेट जिभेला कळतो.

राहिला वजनकाटा. कृतीच कपात दिली असेल, तर ज्या मापाचा कप तिला अपेक्षित आहे त्यानेच सगळं मोजा. ग्रॅमच्या भानगडीत पडायचं कारण नाही. कृती ग्रॅममध्ये असेल तर मात्र काटाच हवा. अपवाद चिमूटभर गोष्टींचा. घरगुती काटा एकेका ग्रॅमने पुढे सरकतो, त्यामुळे दोन-तीन ग्रॅम यीस्ट त्यावर मोजलं तर चूक सहज मोठी होते. तिथे मापाचा छोटा चमचा काठोकाठ भरून सुरीने सपाट करावा. सुकं यीस्ट साधारण ३ ग्रॅम येतं.