मिटवलेला अपघात

गेल्या फुटबॉल हंगामात कोल्हापूरच्या आमच्या पेठेतल्या एका तालमीच्या आघाडीच्या खेळाडूने रंकाळ्याकडून परतताना मोटारसायकलने एका भाजीवाल्या आजींना उडवले. आजी कपिलतीर्थ मंडईतून घरी चालल्या होत्या. त्यांचे खुब्याचे हाड मोडले. चार दिवसांनी शाहू स्टेडियमवर उपांत्य सामना होता आणि त्या पोराशिवाय संघ उभा राहणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होते. तालमीच्या कार्यकारिणीत माझा थोरला भाऊ आहे. मध्यरात्रीपर्यंत चाललेल्या बैठकीतले आवाज त्याने मला बर्मिंगहॅमला रेकॉर्ड करून पाठवले. एक जण म्हणत होता, "पोरगं लई चांगलंय, एका चुकीपायी त्याचं वाटोळं करायचं का?" दुसरा म्हणत होता, "गाडी बुंगाट सोडायची आणि तालमीच्या आड लपायचं, हे बास झालं आता. कायमचा बाहेर काढा त्याला." शेवटी वर्गणी काढून आजींचा उपचाराचा खर्च द्यायचे ठरले, पोलिसांत तक्रार झाली नाही, पोरगा सामना खेळला. दादाने सकाळी फोनवर सांगितले, "मिटवलं बघ सगळं."

या "मिटवलं"पाशी माझे मन अडले आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोळा वर्षांपासून इंग्लंडमध्ये मोडलेल्या खुब्यांच्या आणि मणक्यांच्या माणसांना पुन्हा उभे करण्याचे काम करते, आणि साठीच्या पुढच्या बाईचा मोडलेला खुबा चार दिवसांत मिटत नाही हे मला रोज दिसते. त्याच वेळी त्या पोरावर माझा राग नाही. ज्यांनी कोल्हापूर पाहिलेले नाही त्यांना सांगायला हवे की आमच्याकडे कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनीच पेठापेठांतले फुटबॉल संघ उभे केले, आणि पेठेचा गोल करणारा मुलगा म्हणजे घरोघरी ओळख असलेला माणूस. त्याचे नाव बॅनरवर असते, लहान पोरे त्याच्यासारखे केस कापतात आणि त्याच्यासारखीच गाडीही चालवतात.

पेठेने जे चांगले केले तेही नोंदवते. सीपीआर रुग्णालयात आजींजवळ तालमीची पोरे पाळीने बसली, डबा नेत राहिली, आणि तो खेळाडू स्वतः त्यांच्या पाया पडून आला. इंग्लंडमध्ये हे होत नाही. तिथे दोन विमा कंपन्या आणि दोन वकील एकमेकांना पत्रे लिहितात, आणि ज्याने धडक दिली तो जखमी माणसाच्या खाटेपर्यंत कधी पोहोचतच नाही; माझ्या कितीतरी रुग्णांना त्या माणसाचा चेहराही माहीत नसतो. पण या सगळ्या आपुलकीत त्या पोराचा परवाना त्याच्या खिशातच राहिला आणि पुढच्या आठवड्यात तीच गाडी, सायलेन्सर काढलेली, विजयाच्या रॅलीत सर्वांत पुढे होती. त्याचा व्हिडिओही दादानेच पाठवला.

अशा वेळी गावाकडे एक वाक्य हमखास ऐकू येते, की "तिकडे कायदे कडक आहेत, इकडे काय होतंय." हे वाक्य निम्मेच खरे आहे. भारतात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, तर इंग्लंडमध्ये १९६७ पासून ती ८० मिलिग्रॅम आहे. म्हणजे कोल्हापुरात गुन्हेगार ठरणारा माणूस बर्मिंगहॅममध्ये कायद्याने निर्दोष ठरू शकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मद्यपी चालकाला पहिल्याच गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर जुन्या दंडसंहितेत कमाल शिक्षा दोन वर्षे होती, ती १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत पाच वर्षे झाली. जीव गेल्यावरच्या शिक्षेत मात्र इंग्लंड फार पुढे आहे, कारण २०२२ पासून तिथे धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा जन्मठेपेची आहे. तरीही केवळ कलमांच्या कडकपणावरून एक गोष्ट उलगडत नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि ग्रेट ब्रिटनमध्ये १,७११. लोकसंख्येत भारत सुमारे वीस-बावीस पट मोठा आहे. मृत्यू जवळजवळ शंभरपट आहेत.

मला जो फरक जाणवतो तो माझ्याच दारात आला होता. ताशी तीस मैलांच्या वेगमर्यादेत छत्तीस मैलांनी गाडी चालवल्याबद्दल कॅमेऱ्याने टिपलेले पत्र आठवड्याच्या आत घरी आले. पहिलीच वेळ असल्याने दंडाऐवजी अर्ध्या दिवसाचा वर्ग करावा लागला; पुन्हा झाले असते तर परवान्यावर दंडाचे तीन गुण चढले असते. तीन वर्षांत बारा गुण झाले की साधारणपणे किमान सहा महिने गाडी बंद, मग तो माणूस कोणी का असेना. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमचे उदाहरण इथे दोन्ही बाजूंनी बोलते. २०१८ साली वेगमर्यादा मोडल्याच्या प्रकरणात तो सुटला, कारण चौदा दिवसांत पोहोचायला हवी असलेली नोटीस एक दिवस उशिरा पोहोचली आणि त्याच्या नामांकित वकिलाने त्यावर बोट ठेवले. पैसा असला की पळवाट सापडते हे त्याही देशात खरे आहे, आणि त्या निकालावर तिथले लोक रागावलेही होते. पण पुढच्याच वर्षी गाडी चालवताना फोन हाताळल्याबद्दल त्याच्या परवान्यावर सहा गुण चढले, आधीचे सहा मिळून बारा झाले आणि सहा महिन्यांची बंदी आली. त्याला फोनसह पाहून फोटो काढणारा एक सामान्य नागरिक होता. इंग्लंडच्या माजी कर्णधाराचे यात वाटोळे झाले नाही. सहा महिने त्याने गाडी चालवायची नव्हती, एवढेच.

जिथे जीव जातात तिथे गोष्ट वेगळी होते. माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबचा आघाडीचा खेळाडू ली ह्यूज याने २००३ साली कॉव्हेंट्रीजवळ भरधाव गाडीने अपघात केला, त्यात एक माणूस गेला. ह्यूज तिथून निघून गेला आणि दीड दिवसानंतर पोलिसांपुढे आला. तोवर त्याच्या रक्तात काय होते हे तपासण्याला अर्थ उरला नव्हता. २००४ साली त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि क्लबने करार संपवला. प्लिमथचा गोलरक्षक ल्यूक मॅकॉर्मिक २००८ साली दारूच्या अमलाखाली मोटारवेवर धडकला, दहा आणि आठ वर्षांची दोन भावंडे गेली, आणि त्याच वर्षी त्याला सात वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली. दोघेही निम्मी शिक्षा भोगून बाहेर आले आणि दोघेही पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळले. मॅकॉर्मिक तर त्याच क्लबकडे परतला. हे बरोबर झाले का, यावर तिथे अजून वाद होतो. ज्या आईने दोन मुले गमावली तिला त्या माणसाला टाळ्या पडताना ऐकावे लागणे मला असह्य वाटते. तरीही ते पुनरागमन शिक्षेनंतर झाले, शिक्षेऐवजी नव्हे, हा फरक मला कोल्हापूरच्या बैठकीसाठी महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेची रीत मला दोन टोकांवर हेलकावणारी दिसते. अमेरिकन फुटबॉलमधल्या लास व्हेगासच्या संघाचा हेन्री रग्ज २०२१ साली दारू पिऊन ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने गाडी चालवत होता आणि एका तरुणीचा जीव गेला. संघाने त्याला त्याच दिवशी काढले आणि २०२३ साली तीन ते दहा वर्षांची शिक्षा झाली. याउलट कॅन्सस सिटीच्या राशी राइसने मार्च २०२४ मध्ये डॅलसला शर्यत लावून ताशी १९० किलोमीटरच्या वेगात अनेक गाड्यांचा अपघात घडवला आणि तो घटनास्थळावरून चालत निघून गेला, तरी त्याच वर्षीच्या हंगामाच्या सुरुवातीला तो मैदानात होता. गुन्ह्याची कबुली, तीस दिवसांच्या कोठडीची शिक्षा आणि सहा सामन्यांची बंदी हे सारे २०२५ साली आले. जीव गेला म्हणून एक संपला, जीव वाचले म्हणून दुसरा खेळत राहिला. रस्त्यावर दोघांनी घेतलेली जोखीम मात्र एकाच जातीची होती. आमच्या तालमीच्या बैठकीतही नेमके हेच माप लावले गेले. आजी वाचल्या, म्हणून पोरगा खेळला.

आणि आपल्याकडे काय होते त्याचे सर्वांत लांबलेले उदाहरण नवज्योतसिंग सिद्धूचे आहे. ते वाहन चालवण्याचे नव्हे, रस्त्यावरच्या भांडणाचे प्रकरण होते, पण खेळाडूची कीर्ती आणि न्यायाची गती यांचे नाते त्यात स्पष्ट दिसते. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात भांडण झाले आणि एका पासष्ट वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू झाला. १९९९ मध्ये निर्दोष, २००६ मध्ये उच्च न्यायालयाकडून तीन वर्षे, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून केवळ १,००० रुपये दंड, आणि अखेर मे २०२२ मध्ये एक वर्ष सक्तमजुरी. या काळात सिद्धूची कसोटी कारकीर्द पूर्ण झाली, समालोचन झाले, खासदारकी झाली. शिक्षा आली तेव्हा तो अट्ठावन्न वर्षांचा होता. न्याय तेहतीस वर्षांनी येणार असेल तर "तोवर खेळू द्या" म्हणणाराही चुकीचा ठरत नाही आणि "तुम्हीच आत्ता काढून टाका" असे तालमीला सांगणाराही. न्यायालयाचे काम तालमीच्या बैठकीवर येऊन पडते.

"वाटोळं" या शब्दामागची भीती मला परदेशात राहून अधिक कळते. इंग्लंडमधला खेळाडू क्लबचा नोकर असतो. आपल्याकडे क्रिकेट सोडले तर खेळाडूचे पोट बहुधा सरकारी नोकरीवर असते. रेल्वे, पोलीस, महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतले खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण, याच वाटेने पेठेतला मुलगा घर चालवणार असतो. सरकारी नोकर ४८ तासांहून अधिक कोठडीत राहिला की नियमानेच निलंबित मानला जातो. खुनाच्या आरोपाखाली अटक झालेल्या मल्ल सुशील कुमारला रेल्वेने निलंबित केले ते सर्वांनी पाहिले. म्हणून आमच्याकडे गुन्हा नोंदवणे म्हणजे पोराचा भाकरतुकडा काढून घेणे, असे तालमीच्या माणसांना वाटते, आणि त्यांचे वाटणे खोटे नाही. पण त्यामुळे तक्रारच होत नाही, आणि मग ज्या उपायाने त्याची नोकरी जात नाही तोही बाजूला पडतो.

तो उपाय आपल्या कायद्यात आहे. बेदरकार वाहन चालवणाऱ्याचा परवाना पोलिसांनी जप्त करून आरटीओकडे पाठवायचा, त्याचे म्हणणे ऐकून आरटीओने पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी तो निलंबित करायचा आणि उजळणी प्रशिक्षण पूर्ण झाल्यावरच परत द्यायचा, ही तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ आणि २०६ मध्ये आहे. त्यासाठी वर्षानुवर्षे खटला चालावा लागत नाही. यात तुरुंग नाही, म्हणून नोकरीचे दारही बंद होत नाही. तीन महिने पोराने सरावाला सायकलने किंवा चालत यायचे. ज्या शहराने खाशाबा जाधवांना घडवले आणि १९८४ साली ते रस्त्यावरच्या अपघातात गेल्याचे दुःख सोसले, त्या शहराला हे जड वाटू नये.

दादाला मी एवढेच सुचवले आहे. पुढच्या हंगामाआधी तालमीने ठरवावे की खेळाडूच्या हातून असे घडले तर तालमीच्या माणसांनीच त्याला घेऊन पोलीस ठाण्यात जायचे, परवाना परत मिळेपर्यंत त्याला जर्सी द्यायची नाही, सरावाला मात्र रोज बोलवायचे, आणि पहिल्या दिवसापासून त्याची जागा राखून ठेवायची. दवाखान्यातला डबा चालूच राहावा. दादा म्हणाला, "बैठकीत मांडतो, पण उपांत्य सामना आला की कोण ऐकतंय बघू." मी म्हटले, म्हणूनच हंगाम नसताना मांड.

आजींना मी व्हिडिओ कॉलवरून व्यायाम सांगते. वॉकर सुटला आहे, पण डाव्या पायावर अजून पूर्ण भार येत नाही. मंडईत त्यांच्या जागेवर आता सून बसते.