दादाची बिनाका वही

परवा सोसायटीच्या हॉलमध्ये कराओकेची संध्याकाळ झाली. बहुतेक सगळे साठी ओलांडलेले, त्यामुळे १९८० च्या पुढचं गाणं कुणी घेतलं की मागून "हं, चालायचंच" असा सूर. शेवटी चहा-वड्याच्या वेळी एक काका (नाव घालत नाही, फ्रेंडलिस्टमध्ये आहेत) ठासून म्हणाले, "आपल्या वेळी भिकार गाणं चालतच नव्हतं हो. लोकांना कान होते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, वडा गरम होता. पण घरी आल्यावर शिडी लावली आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आपल्या वेळी काय काय चालत होतं याचा लेखी पुरावा माझ्याच घरात पडून आहे.

पुरावा म्हणजे दादाची वही. दोनशे पानी, कडा कसरीनं कुरतडलेल्या. वर 'बीजगणित' लिहिलंय, ते अण्णांसाठी. आत १९७० ते १९७७ अशी आठ वर्षांची बिनाका गीतमाला. दर बुधवारी रात्री आठला कोलंबोचं रेडिओ सिलोन लागायचं आणि दादा रेडिओच्या जाळीला कान लावून बसायचा. गाणं वर चढलं की लाल शाईत वरचा बाण, घसरलं की निळ्या शाईत खालचा. शॉर्टवेव्हचं स्टेशन, आवाज लाटेसारखा यायचा-जायचा, त्यामुळे मधूनच एखाद्या पायदानावर, म्हणजे क्रमांकावर, गाण्याच्या जागी नुसतं 'खरखर' असं लिहिलेलं. एका पावसाळ्यात तर सलग चार ओळी 'खरखर'. त्या रात्री तो किती चिडला असेल!

ज्यांना गीतमाला माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोकप्रिय हिंदी सिनेगीतं क्रमवारीनं वाजवणारा, बिनाका टूथपेस्टच्या नावाचा रेडिओ कार्यक्रम. ३ डिसेंबर १९५२ ला ती सुरू झाली. त्या काळात बाळकृष्ण केसकर हे माहितीमंत्री होते, आपलेच मराठी गृहस्थ, आणि त्यांना सिनेमाचं गाणं आकाशवाणीच्या दारातही नको होतं. शास्त्रीय संगीत ऐका, सुधारा! लोकांनी काय केलं, काटा फिरवला आणि थेट कोलंबो लावलं. कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचा मुंबईत, टेप विमानानं कोलंबोला जायच्या आणि तिथून हवेतून परत आमच्या सांगलीच्या गावभागात यायच्या. निवेदक अमीन सायानी तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे. आठवड्याला पंचवीस रुपये मिळायचे, त्या पैशात दुसरं कुणी तयार होईना म्हणून काम माझ्याकडे आलं, असं ते पुढे सांगायचे. आकाशवाणीला शहाणपण सुचून विविध भारती निघायला ऑक्टोबर १९५७ उजाडला. तोवर 'बहनों और भाइयों' घरोघरी पोचलं होतं.

गंमत म्हणजे आमच्या घरात बिनाका टूथपेस्ट कधी आलीच नाही. अण्णांचं माकडछाप काळं दंतमंजन. पेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचे इवलेसे प्राणी निघायचे, ते मी शेजारच्या मुलाकडून गोट्यांच्या बदल्यात मिळवलेले. म्हणजे कंपनीला आमच्याकडून एक पैसा नाही आणि आठ वर्षं कार्यक्रम फुकट.

तर गेला आठवडाभर मी एकच उद्योग केला. वहीत नाहीत त्या वर्षांची सरताज गाणी, म्हणजे वर्षाच्या यादीतलं पहिलं गाणं, मोबाईलवर शोधली आणि १९५३ पासून एकेक ऐकत गेलो. सकाळी फिरताना, भाजी निवडताना. बायको म्हणाली, एवढा अभ्यास बारावीला केला असता तर.

सुरुवात थाटाची आहे. 'अनारकली', 'टॅक्सी ड्रायव्हर', 'श्री ४२०', 'सीआयडी', कुठे बोट ठेवायला जागा नाही. १९५८ चं 'है अपना दिल तो आवारा' लागलं तेव्हा मी बागेत चक्क थांबलो. हेमंतकुमारांचा तो घोंगडीसारखा उबदार आवाज आणि मागून माउथ ऑर्गन, तोही म्हणे कोवळ्या पंचमनं, म्हणजे आर. डी. बर्मननं, वाजवलेला. १९५७ चं सरताज बघून मात्र मी चष्मा पुसला. त्या वर्षी 'प्यासा', 'नया दौर', 'मदर इंडिया' आणि आपल्या शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ'. आणि पहिलं कोण? 'जनम जनम के फेरे' नावाच्या सिनेमातलं 'जरा सामने तो आओ छलिये'. एस. एन. त्रिपाठींची चाल. सिनेमा आज कुणाला आठवतो? पण गाणं ऐकलं आणि लोकांच्या बाजूनं कौल देऊन टाकला. एकदा ऐकलं की दिवसभर जिभेवर. गीतकार पंडित भरत व्यास, 'ऐ मालिक तेरे बंदे हम'ही त्यांचंच. म्हणजे एकाच वर्षात एक गाणं शाळेच्या प्रार्थनेत गेलं आणि दुसरं यादीच्या डोक्यावर बसलं.

१९६५ ला मात्र काकांना उत्तर द्यावं लागेल. 'वक्त' त्या वर्षीचा. 'जब जब फूल खिले' त्या वर्षीचा. 'आरजू', 'हिमालय की गोद में', सगळे त्याच वर्षीचे. आणि सरताज गीत 'सहेली'तलं 'जिस दिल में बसा था प्यार तेरा'. कल्याणजी-आनंदजींबद्दल आदर ठेवून सांगतो, तीनदा ऐकलं आणि अर्ध्या तासानं गुणगुणायला गेलो तर पहिल्या ओळीच्या पुढे चाल आठवेना. कुठे गेले होते लोकांचे कान?

१९६६, 'बहारों फूल बरसाओ'. या गाण्याबद्दल मला न्यायबुद्धीनं बोलता येत नाही. रफीसाहेबांचा आवाज मी त्यात ऐकूच शकत नाही, मला ऐकू येतो तो बँडवाल्यांचा क्लॅरिओनेट. आमच्या गल्लीतून निघालेल्या प्रत्येक वरातीत हे गाणं वाजलंय, आणि क्लॅरिओनेटवाला अंतऱ्याच्या शेवटी हमखास अर्धा सूर खाली घसरायचा. आजही मूळ गाणं लावलं की मी त्या जागी श्वास रोखून धरतो. तो घसरत नाही. चुकल्यासारखं वाटतं.

त्यानंतर १९६७ ते १९७० सलग चार वर्षं सरताज लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. 'मिलन', 'शागिर्द', 'इंतकाम', 'दो रास्ते'. कुडाळकरांच्या लक्ष्मीकांतचा आम्हाला अभिमान, पण हा हिशेब जरा बघा. 'आराधना' आला १९६९ मध्ये. किशोरकुमारची सगळी दुसरी खेळी तिथून सुरू झाली, मुली राजेश खन्नाच्या फोटोशी लग्न लावत होत्या वगैरे आपण ऐकत आलो. आणि त्या वर्षाचं सरताज आहे 'इंतकाम'मधलं 'कैसे रहूँ चुप', लताबाईंच्या आवाजातलं दारूच्या नशेतलं गाणं! पुढच्या वर्षी 'बिंदिया चमकेगी'. 'आराधना' दोन्ही वर्षं पहिल्या नंबराला नाही. लताबाईंचं बालपण सांगलीत गेलं, म्हणून अण्णांना त्या घरातल्या वाटायच्या. हे गाणं लागलं की ते माजघरातून ओरडायचे, "अरे, त्या पोरीला कशाला असलं गायला लावतात?" आणि उठून रेडिओ मात्र कधी बंद केला नाही.

आता दादाच्या वहीचा प्रांत. १९७३. 'बॉबी' आला, 'अभिमान' आला, 'यादों की बारात' आला. पान उघडलं तर वर लाल शाईत, दोनदा अधोरेखित: 'यारी है ईमान मेरा'. 'जंजीर'. म्हणजे अख्ख्या देशाला त्या वर्षी सगळ्यात जास्त आवडला तो दाढी रंगवलेला, हातात रुमाल घेऊन नाचणारा प्राण. मला यात तक्रार नाही. मन्नादांनी जीव ओतलाय. पण 'बॉबी'नं देश वेडा केला हे जे आपण नातवंडांना सांगतो, त्याला वही दुजोरा देत नाही एवढंच.

ही यादी बनायची कशी, तर रेकॉर्डच्या दुकानांतून विक्रीचे आकडे आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं. म्हणजे कोणतं गाणं थोर आहे हे कुणी विचारतच नव्हतं. या आठवड्यात लोकांच्या तोंडात काय आहे, एवढाच प्रश्न. आपण मात्र पन्नास वर्षांनी चाळणी लावतो, वर राहिलेलं दाखवतो आणि म्हणतो बघा, आमच्या काळी कोंडा नव्हताच.

पंचमवेड्यांसाठी एक वाईट बातमी: आर. डी. बर्मनच्या नावावर वार्षिक सरताज एकच, १९७२ चं 'दम मारो दम'. बस. आणि मदनमोहन? १९७७ पर्यंत एकही नाही. मग 'लैला मजनू'चं 'हुस्न हाजिर है'. मदनमोहन जुलै १९७५ मध्ये गेले होते, सिनेमाचं उरलेलं संगीत जयदेवनी पुरं केलं. दादाच्या वहीतलं हे शेवटचं सरताज. त्यानं त्याखाली पेन्सिलीनं लिहिलंय, 'आता काय उपयोग'. एकवीस वर्षांचा होता तेव्हा.

१९८१ चं 'मेरे अंगने में' वहीत नाही, पण काकांसाठी मुद्दाम इथे घेतो. त्याच वर्षी 'उमराव जान' होता. आणि आपण कशावर नाचलो? कुणाची बायको जाडी, कुणाची काळी, कुणाची बुटकी यावर. कॉलेजच्या गॅदरिंगला साडी नेसून या गाण्यावर नाचलेला एक मुलगा आज निवृत्त उपजिल्हाधिकारी आहे आणि हल्लीच्या गाण्यांच्या दर्जावर सकाळी सहा वाजता ग्रुपवर लिहितो.

पण एका गाण्याबाबत माझी मीच माफी मागायला हवी. १९७५ चं सरताज, 'रोटी कपडा और मकान'मधलं 'महंगाई मार गई'. पंधरा वर्षांचा होतो, हे गाणं लागलं की डोकं उठायचं. लांबलचक कव्वाली, संपता संपत नाही, टाळ्यांवर टाळ्या. दादा आणि मी तेव्हा स्वतःला फार रसिक समजत होतो. आईला मात्र ते तोंडपाठ. बहात्तरच्या दुष्काळानंतरची वर्षं. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना कडेला चिरा पडायच्या आणि आई ओल्या बोटानं एकेक चीर सांधत बसायची. सिनेमा आला १९७४ च्या शेवटी, तोवर मिलो कमी झाली होती, पण रॉकेलची रांग होतीच. वर्मा मलिक यांनी गाण्यात रेशनच्या रांगेची लांबी घातली आहे, पावडरचं दूध घातलं आहे. आई गव्हातले खडे वेचता वेचता ते म्हणायची. मुकेश, लता, चंचल आणि जानीबाबू असे चार आवाज, आई चौघांच्याही ओळी एकटी म्हणायची, आणि चंचलच्या वरच्या सुराला पोचली नाही की स्वतःशीच हसायची.

परवा ते स्वयंपाकघरात लावलं, पुरं ऐकलं. चाल आजही मला ग्रेट वाटत नाही. पण ते वर्ष कोणतं, बघा. जूनमध्ये आणीबाणी लागली आणि त्याच वर्षाच्या यादीत सगळ्यात वर महागाईचं गाणं. हे कुठल्या संपादकानं निवडलं नव्हतं. आईसारख्या बायकांनी निवडलं होतं, आणि आम्ही दोघे दीडशहाणे नाक मुरडत बसलो होतो.

हे सगळं सांगायला रात्री दादाला फोन लावला. तो आता नागपूरला मुलीकडे असतो, कानाला यंत्र आहे, त्यामुळे ओरडून बोलावं लागतं.

"दादा, बिनाकाची वही सापडली!"

"कसली?"

"बी-जग-णित!"

मग खूप वेळ हसला. सायानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले त्या दिवशी तो दिवसभर गप्प होता, असं पुतणी सांगत होती, म्हणून तो विषय मी काढला नाही. पानं उलटत वाचून दाखवत गेलो. आणि मे १९७२ ला येऊन अडकलो. चार बुधवार, सोळाच्या सोळा ओळी, मोत्यासारखं अक्षर, एकही 'खरखर' नाही. चारही आठवडे पहिल्या नंबरावर 'अमर प्रेम'मधलं 'रैना बीती जाए'.

"दादा, बहात्तरच्या मेमध्ये आपण महिनाभर राजापूरला मामाकडे होतो ना? मावशीचं लग्न."

"असेल."

"मामाकडे रेडिओ कुठे होता?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं यंत्राची बॅटरी गेली.

"पंचमवर अन्याय होत होता," दादा म्हणाला. "मी दुरुस्त केला."

तेव्हा मित्रमंडळी, कुणाच्या आई-वडिलांची, काका-मामांची अशी वही घरात असेल आणि त्यात मे १९७२ च्या बुधवारांची खरी यादी असेल, तर फोटो काढून पाठवा. फक्त आधी एवढं विचारून घ्या, की त्या महिन्यात ते स्वतः कुठे होते.