बाबांना भरली वांगी चालायची, भरीत नाही: ‘खरा जवान खचत नाही’ या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज आमच्या तीन-तीन ग्रुपवर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं की खरा जवान खचत नाही, चार बॉड्या उचलल्या की सवय होते, पूर्वीच्या फायरमनना कुठे लागायचं समुपदेशन, आणि बोलत बसलं की माणूस अजूनच ढेपाळतो, त्यापेक्षा रोज योगा करा. माझे बाबा 31 वर्षं अग्निशमन दलात होते, त्यामुळे मला हे वाचून गप्प बसवत नाहीये.

आधी ते ‘सवय होते’ घेते. हाताला सवय होते, हे खरं. वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की काही सेकंदांत गाडीत, बीए सेट (धुरात श्वास घ्यायला लागणारा हवेचा सिलिंडर) पाठीवर, त्यात बाबांचा हात कुणी धरला नसता. पण आमच्याकडे आईने भरितासाठी गॅसवर वांगं ठेवलं, साल तडतडायला लागली की बाबा चप्पल घालून खाली निघून जायचे. आम्हाला पोरांना वाटायचं बाबांना वांगंच आवडत नाही, पण भरली वांगी मात्र दोनदा मागून घ्यायचे. खूप उशिरा आईने सांगितलं की एका जळिताच्या वर्दीनंतर त्यांना तो वास सहन होत नाही. वीस वर्षं झाली होती तेव्हा त्या वर्दीला. कसली सवय?

‘खरा जवान खचत नाही’. 2 जून 2023 ला ओडिशात बालासोरजवळ रेल्वे अपघात झाला, तिथे एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, नऊ टीम होत्या. चारच दिवसांनी दलाचे तेव्हाचे प्रमुख अतुल करवाल यांनी जाहीरपणे सांगितलं की आपल्या एका जवानाला पाणी बघितलं की रक्त दिसतं आणि दुसऱ्याची भूकच गेलीय. ही काय कच्ची पोरं होती का? देशातल्या सगळ्यात तयार लोकांपैकी ती होती. आणि त्यांचा साहेब हे लपवत नाही, उलट समुपदेशन लागतं म्हणून सांगतो, मला तर यालाच खंबीरपणा म्हणावंसं वाटतं.

‘पूर्वी नव्हतं’. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे 66 जण गेले, दरवर्षी त्या दिवशी आपण त्यांना मानवंदना देतो. जे वाचले ते पुढे कसे झोपले हे मी कुठे वाचलेलं नाही. पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणारा आजार, हे नाव आजारांच्या यादीत आलं तेच 1980 मध्ये. त्याआधी त्याला घरोघरी ‘तापट आहे’, ‘पितो जरा’ म्हणायचे.

आता ‘बोलल्याने ढेपाळतो’. यात अर्धं खरं आहे. घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून एकाच बैठकीत ‘सांगा काय पाहिलंत’ असं वदवून घ्यायची पद्धत होती, तिने पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट त्रास वाढतो असं अभ्यासांत दिसलं, जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका म्हणते. पण जबरदस्तीने बोलायला लावू नका आणि बोलूच देऊ नका, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे ना! आता काय सांगतात, तर आधी बघा, ऐका, गरज असेल तर मदतीशी जोडून द्या. पाणी, चहा, झोप, घरी एक फोन, शेजारी ओळखीचा माणूस. बरेच जण काही आठवड्यांत आपोआप सावरतात. महिना उलटला तरी झोप नाही, तेच दृश्य डोळ्यासमोर, चिडचिड, बाटली जवळ, तर मात्र डॉक्टरच हवा.

योगाला माझा विरोध नाही, करावा. पण सगळं त्या एकट्या माणसाच्या गळ्यात घालू नका. एकाच पोराला दिवसभर बॉड्या काढायला लावू नये, पाळी बदलावी, नवीन मुलाला आत काय दिसणार आहे ते आधी सांगावं, ओळख पटवायचं काम ज्याचं नाही त्याने मृताच्या पाकिटातले फोटो बघत बसू नये. मृतात आपलं पोर दिसायला लागलं की ते डोक्यातून जात नाही. हे सगळं स्टेशन ऑफिसरच्या हातात आहे, यातलं काहीच योगासनाने होत नाही.

मेसेजमध्ये शेवटी ‘ज्याला झेपत नाही त्याने नोकरी सोडावी’ असंही आहे. याच वाक्यामुळे पोरं बोलत नाहीत! 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, साहेबाला कळेल या भीतीने थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. घरात कुणी अॅम्ब्युलन्सवर, बंबावर, पोलिसात असेल तर आजच त्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या.

हे लिहायच्या आधी बाबांना विचारलं, भरिताचं लिहू का. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, लिही, फक्त ती बिल्डिंग कुठली ते लिहू नकोस, तिथे अजून त्या गेलेल्यांच्या घरचे राहतात.