एक थेंबही चाखला नाही हो!

माझ्या देहाने दोन जावई करून घेतलेत. थोरला मधुमेह, धाकटा संधिवात. एकाचा मान राखावा तर दुसरा रुसतो. साखरेचे डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास भरभर चाला. हाडांचे डॉक्टर सांगतात, जिने टाळा. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे चालायला जायचं तर आधी जिना, आणि जिना उतरला की चालण्याजोगं काही उरत नाही.

एप्रिलमध्ये उजव्या गुडघ्याने संपच पुकारला. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. डॉक्टर जाताजाता म्हणाले, "काही दिवस शुगर वर जाईल हं, रोज तपासा." गुडघा दोन दिवसांत सुतासारखा सरळ झाला. उरलं ते 'रोज तपासा'.

शुगर मोजायच्या यंत्राला लागणाऱ्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण अंगठ्याने वर उचलायचं असतं. माझा अंगठा सकाळी सहाला माझ्याबरोबर उठतो, पण वाकायला आठ वाजवतो. उपाशीपोटीची शुगर काही तोवर थांबत नाही, चहा तर मुळीच नाही. मग 'हे' डबी उघडतात. उघडतात म्हणजे काय, शँपेन फोडावी तशी फोडतात. दोन पट्ट्या हमखास कपाटाखाली. वीस-वीस रुपयांची एक पट्टी! ती काढायला वाकणार कोण? यांची कंबर आणि माझे गुडघे मिळून एकही धड माणूस होत नाही. शेवटी केरसुणी.

त्या दिवशी पुण्याहून लेक आणि नातू दुपारी यायचे होते. म्हणून सकाळी उठल्या उठल्या हापूस पिळायला बसले. सुजलेल्या बोटांनी आंबा पिळणं म्हणजे आंब्याने आपल्याला पिळणं. पण आठ आंबे पिळले. हात पाण्याखाली धरल्यासारखे केले, पदराला पुसले आणि यांना हाक मारली. डबी फुटली, सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. पाच सेकंदांत यंत्राने सांगितलं: तीनशे शहाऐंशी.

हे आधी यंत्राकडे बघत राहिले, मग पातेल्याकडे, मग माझ्याकडे.

"किती वाट्या?"

"अहो, एक थेंबही चाखला नाही!"

"ओठाला लागलंय."

"तो घाम आहे!"

पुरावा म्हणून यांनी कोयी मोजल्या. आठच भरल्या. तेवढ्यात लेकीला फोनही लावून झाला. ती गाडीत होती, तिने फोन स्पीकरवर टाकला आणि लोणावळ्याच्या घाटात माझी अब्रू गेली. "आजी, चोरून खाल्लंस?" हे नातवाचं. वय वर्षं सहा.

मला सोडवलं ते यंत्राबरोबर आलेल्या कागदाने. मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत त्यावर लिहिलेलं असतं की आधी साबणाने हात धुऊन कोरडे करा, बोटाला फळाचा रस राहिला तर आकडा खोटाच वर जातो. म्हणजे यंत्राने माझी नव्हे, हापूसची शुगर मोजली होती! चार वर्षं हे यंत्र वापरतेय, तो कागद भिंग लावून वाचला तो आरोपी झाल्यावर.

साबण लावून, नखं घासून, कोपरापर्यंत हात धुतले. दुसरी पट्टी, दुसरं बोट, वीस रुपये आणखी. दोनशे अठरा. हे मात्र खरंखुरं, गुडघ्यातल्या इंजेक्शनचं.

"वा! दोनशे अठराच!" हे टाळ्या वाजवायचे बाकी होते. गेल्या महिन्यात एकशे साठ आली म्हणून याच माणसाने माझ्या पानातली भाकरी उचलून अर्धी केली होती.

लेकीलाही हायसं वाटलं. "सुटले बाई! आई, साखरेच्या डॉक्टरांना तेवढा फोन करून आकडा सांग." मी फोनची वही शोधायला उठले. गुडघा कसा लोण्यासारखा वाकला! वळून बघते तर हे पातेल्याशी उभे, हातात वाटी.

"बघत होतो," म्हणाले, "आंबट तर नाही ना."