‘मीट विथ’ला चूक ठरवणारा मेसेज

‘सुशिक्षित माणूस असं इंग्रजी बोलत नाही’ या मथळ्याचा मेसेज ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. भेटीगाठींच्या इंग्रजीबद्दल त्यात चार फतवे आहेत : ‘मीट’पुढे ‘विथ’ लावायचं नाही, ‘व्हिजिट’पुढे ‘टू’ नको, ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूपच हवं आणि दर भेटीत ‘नाइस टू मीट यू’ म्हणावं. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत पहिल्या मुलाखतीला निघालेली मुलं हे पाठ करताहेत, म्हणून लिहितेय.

पहिला फतवा सपशेल चुकीचा. ‘आय मेट हिम ॲट ठाणे स्टेशन’ म्हणजे ठरवून किंवा अचानक गाठ पडली. ‘आय मेट विथ द मॅनेजर’ म्हणजे बसून कामाचं बोलणं झालं. अमेरिकी इंग्रजीत हे रोजचं आहे. ब्रिटिश वळणाचं लिहिणारे बरेच जण ‘विथ’ गाळतात, पण ती आवडनिवड. त्याला अशिक्षितपणा म्हणणं अन्यायाचं आहे. शिवाय ‘मेट विथ ॲन ॲक्सिडेंट’मधला ‘विथ’ काढून पाहा, वाक्यच मोडतं.

दुसरा अर्धाच खरा. ‘आय व्हिजिटेड टू तलावपाळी’ चूकच. ‘तलावपाळीला’ मधला ‘ला’ आपल्या तोंडी ‘टू’ होऊन येतो. पण ‘माय व्हिजिट टू तलावपाळी’ अगदी बरोबर, कारण इथे ‘व्हिजिट’ नाम आहे. मेसेज हा फरक सांगतच नाही.

सगळ्यात जास्त नुकसान तिसऱ्याने होतंय. त्याच्या भरवशावर मुलं ईमेलच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहितात. हवं ‘टू मीटिंग यू’. हा ‘टू’ नामाआधी येणारा आहे. शंका आली तर पुढे ‘इट’ (म्हणजे ‘ते’) ठेवून बघा : ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ चालतं, म्हणून ‘मीटिंग’. ‘आय वाँट टू इट’ चालत नाही, म्हणून तिथे ‘मीट’.

‘नाइस टू मीट यू’ पहिल्या ओळखीपुरतं. पुढच्या वेळी ‘नाइस टू सी यू’. नाहीतर समोरच्याला वाटेल, आपण त्याला विसरलो.

आणि मुलाखतीत सर्रास ऐकू येणारी चूक मेसेजमध्ये नाहीच : ‘आय हॅव मेट हर लास्ट संडे’. होऊन गेलेला दिवस सांगितला की ‘आय मेट हर’. दिवस न सांगता, आधी भेट झालीय एवढंच म्हणायचं तर ‘आय हॅव मेट हर’.