पळणाऱ्या मुलांचं कॉलेज फुकट होत नाही

न्यू जर्सीतल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मुलांना क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळावरच्या लांब पळण्याच्या शर्यतींत, घाला. मुलगा १६०० मीटर साडेचार मिनिटांत पळाला की फुल स्कॉलरशिप. कोच आपणहून फोन करतात, मार्कांकडे कुणी बघत नाही. फक्त नववीपासूनच अंतर वाढवा आणि वजन उतरवा. माझी लेक हायस्कूलची चार वर्षं पळाली, आता कॉलेजात पळते. हा मेसेज वाचून कुणी आपल्या पोराला जुंपू नये, म्हणून हे लिहितेय.

आधी पैशाचं. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजला क्रॉस कंट्री आणि ट्रॅक मिळून मुलांसाठी जास्तीत जास्त १२.६ पूर्ण स्कॉलरशिपांएवढे पैसे वाटता यायचे, मुलींसाठी १८. तेवढ्यात स्प्रिंटर, उड्या मारणारे, गोळाफेकवाले, सगळ्यांची सोय लावायची. लांब पल्ल्याच्या पोराच्या हातात बहुतेकदा एखादा तुकडा पडायचा. जून २०२५ मध्ये कोर्टाने एनसीएएच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यात सामील झालेल्या कॉलेजांना आता स्कॉलरशिपची मर्यादा नाही, संघाच्या आकाराची आहे: क्रॉस कंट्रीला १७, ट्रॅकला ४५. म्हणजे कागदावर सतराच्या सतरा जणांचा पूर्ण खर्च उचलता येतो. पण ते बंधनकारक नाही. त्याच तडजोडीने कॉलेजांना पहिल्या वर्षी खेळाडूंना थेट २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटायची मुभा दिली, आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो. शिवाय पूर्वी बिनपैशाची का होईना, वॉक-ऑन म्हणून संघात घेतली जाणारी जी पोरं होती, त्यांची जागा आकसली.

साडेचार मिनिटं ही मेहनतीची वेळ आहे, त्या पोराचं कौतुकच करा. पण मोठ्या संघांचे कोच ४:१० च्या आसपासची मुलं शोधतात. अमेरिकेचा धावपटू अ‍ॅलन वेब २००१ साली हायस्कूलमध्ये असताना अख्खा मैल, म्हणजे १६०० हून नऊ मीटर जास्त, ३:५३.४३ मध्ये पळाला होता.

फोनचं म्हणाल, तर दहावी संपल्यावरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन वनच्या कोचला मुलाशी संपर्क करायची परवानगीच नाही. त्यानंतर फोन येतात ते राज्यात गाजलेल्या मोजक्या मुलांना. बाकीच्यांनी स्वतः लिहायचं असतं.

मार्कांबद्दलचं वाक्य तर सरळ खोटं आहे. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्डसारख्या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटात, खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, डिव्हिजन थ्री या एनसीएएच्या खालच्या गटातही नाही. तरी हार्वर्डचा ग्रॅहम ब्लँक्स २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी एनसीएएचा क्रॉस कंट्री विजेता ठरला. एमआयटी डिव्हिजन थ्रीमध्ये आहे आणि तिथल्या मुलांनी २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. अशा ठिकाणी कोचची मदत होते ती प्रवेशात, आणि तीही मार्क असतील तरच. अकरावी संपली की कोच ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे शाळेचे मार्क, मागवून अ‍ॅडमिशन ऑफिसला दाखवतो. याला प्री-रीड म्हणतात. तिथून नकार आला की तुमची १६०० ची वेळ कितीही चांगली असो, विषय संपतो. फी कमी होते ती घरच्या उत्पन्नावर मिळणाऱ्या मदतीने, आणि ती न पळणाऱ्या मुलालाही मिळते.

आता तो वजनाचा मुद्दा. तो वाचून माझे हात थरथरले. वाढत्या वयात पळणं वाढवलं आणि खाणं कमी केलं, तर शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडं ठिसूळ होऊ लागतात. पाळी बंद होणं हे चांगल्या ट्रेनिंगचं लक्षण नाही, तो डॉक्टरकडे जायचा दिवस आहे. मुलग्यांचीही हाडं अशीच झिजतात, फक्त खूण उशिरा कळते. न्यू जर्सीतल्या होमडेल पार्कच्या शर्यतीत ‘बोल’ म्हणतात तिथे, त्या खोलगट चढापाशी, मी दर नोव्हेंबरला उभी असायचे. नववीत माझ्या लेकीच्या शंभर मीटर पुढे असणारी एक पोर अकरावीत माझ्या शेजारी उभी होती. पायात करडा ऑर्थोपेडिक बूट, हातात कुणाचं तरी जॅकेट. पोटरीच्या हाडाला दुसऱ्यांदा स्ट्रेस फ्रॅक्चर. मैत्रिणी चढ चढून येताना ती गळा फाडून ओरडत होती, आणि त्या गेल्यावर खाली बघत होती.

घाई कसली आहे? बीडचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यानंतर, विशी ओलांडल्यावर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या ३००० मीटरच्या शर्यतीकडे, वळला, आणि २०२४ मध्ये पॅरिसला डायमंड लीग या जगातल्या अव्वल धावपटूंच्या स्पर्धेत ८:०९.९१ पळाला.

तुमच्या पोराला पळणं खरंच आवडत असेल, तर अकरावीच्या सुरुवातीला त्याच्या शेजारी बसा आणि ईमेल त्यालाच लिहू द्या. माझ्या लेकीचा पाच ओळींचा होता: इयत्ता, मार्क, १६०० आणि ३२०० च्या वेळा, काय शिकायचंय, आणि हेच कॉलेज का. नऊ कोचना पाठवला, चौघांचं उत्तर आलं. त्यांतल्या एकीने वेळांबद्दल अक्षरही न काढता विचारलं होतं, ‘सकाळी काय खातेस?’ आज माझी लेक त्याच कोचच्या संघात आहे.